औषधाची परवानगी आणायला गिरडला

मी गिरडला जाऊन आलो, त्याची तीन-चार निरनिराळी वर्णनं सध्या आमच्या गावात फिरून राह्यली आहेत. एकात मी टेकडीवरून गडगडत खाली आलो. दुसऱ्यात दर्ग्याच्या मुजावरांनी मला हाकलून दिलं. तिसऱ्यात मी तिथंच राहिलो आणि परत आला तो कोणी भलताच म्हातारा आहे. हे सांगणाऱ्यांपैकी एकही गिरडला आला नव्हता. गेलो होतो मी. म्हणून आता मीच लिहून काढतो. शाळा माझी चौथीपर्यंत झाली, तीही सुगीचे दिवस सोडून. पण जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगायला पाचवी लागत नाई.

आधी जाण्याचं कारण सांगतो. आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. बाहेरच्या माणसाला वाटते, म्हणजे इथं दारू नाई. तसं नाई. इथं दारू हा शब्द नाई. वस्तू आहे, नाव नाई. त्यामुळं ज्या त्या गावानं आपापल्या सोयीनं तिचं बारसं करून घेतलं आहे. आमच्या देवळीच्या बाजूला तिला ‘औषध’ म्हणतात. पारावर कोणी विचारलं, ‘बुढा कुठं गेला?’ आणि उत्तर आलं, ‘औषध घ्याले,’ तर दवाखान्याकडं कोणी पाहत नाई. ज्याला खरंच ताप असते तो बिचारा म्हणते, ‘गोळी आणतो.’

मी औषध पुष्कळ वर्षं घेतलं. किती, कसं आणि कोणाच्या कुंपणात पडून, ते लिहीत नाई. ज्यांनी पाहिलं त्यांना माहीत आहे, ज्यांनी नाई पाहिलं त्यांचं काही अडलं नाई. सुटलं ते मागच्या साली, गिरडलाच. नातवाचं जावळ होतं. आमच्या घराण्यात पहिले केस टेकडीवरच्या बाबांच्या दर्ग्यापाशी उतरवतात. आम्ही हिंदू, तो दर्गा, यात काही विशेष आहे असं मला आजपर्यंत वाटलं नाई. तर सगळा गोतावळा गेलता. केस उतरले, मुजावरांनी मोरपिसांचा कुंचा माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, “आजोबा, नातू झाला. आता बाबाच्या दारात काहीतरी सोडून जा.”

काय सोडायचं ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. सगळे माझ्या तोंडाकडं पाहून राह्यले. माझी सून पदर सावरून उभी. तिच्या शेजारी माझे व्याही, मोठे शिस्तीचे, पंचायत समितीत कारकून, चष्म्यावरून बघणारे. यांच्यासमोर तो शब्द मी तोंडातून काढू? मी छाती पुढं केली आणि म्हटलं, “बाबा, आजपासून मी औषध सोडलं. मरेस्तोवर घेणार नाई.”

आणि नाई घेतलं. हात कापले, झोप पळाली, फुटाणे चावून चावून जबडा दुखला, पण नाई घेतलं. संध्याकाळ झाली की पाय आपोआप जुन्या वाटेला लागत. मी त्यांना मोठ्यानं सांगत असे, ‘शब्द दिला आहे.’ मग ते चुकार बैलासारखे नाखुशीनं घराकडं वळत.

आता यंदा घेरी सुरू झाली. कपाशीत उभा होतो, तर पऱ्हाट्या माझ्याभोवती फेर धरून नाचायला लागल्या. घरच्यांनी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईनं दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला आणि म्हणाली, “आजोबा, रक्तदाब फार वाढला आहे. आता रोज औषध घ्यायचं, जन्मभर. नाही घेतलं तर एखाद्या दिवशी अर्धं अंग जाईल.”

मी म्हटलं, “नाई जमत. औषध सोडलं आहे.”

बाई हसली. घरचे हसले. गाव हसलं. मी नाई हसलो. ज्या शब्दानं मला उभं धरलं, तो एका बाजूनं उसवला तर दुसऱ्या बाजूनं टिकेल याची हमी कोण देणार? आज म्हणायचं, गोळी म्हणजे औषध नव्हे. उद्या माझंच मन म्हणेल, बाटली तरी कुठं औषध आहे? मला माझं मन चांगलं माहीत आहे. ते वकील आहे.

त्यातून शब्द दिला तो गिरडच्या बाबांना! त्यांची गोष्ट आमच्याकडं शेंबड्या पोरालाही येते. दोन व्यापारी माल घेऊन चालले होते. बाबांनी विचारलं, गाठोड्यात काय आहे? व्यापारी थट्टेनं म्हणाले, दगड. गाठोडं उघडलं तर दगडच! नारळाचे दगड, सुपारीचे दगड, जायफळाचे दगड. अजून टेकडीवर पडले आहेत. जिथं थट्टेतला शब्द तसाच्या तसा धरला जातो, तिथं मी तर छाती पुढं करून बोललो होतो.

घरी रोज भांडण. शेवटी आमची सुमन, म्हणजे माझी बायको, परात आपटून म्हणाली, “मंग चला गिरडले. बाबालेच इचारू. तुमची मान मोडली तं बाबाले का भेटन?”

मी म्हटलं, “चाल. पण भीक मागाले नाई येत मी. शब्द दुरुस्त कराले येतो.”

देवळी

सकाळी निघालो. पांढरं धोतर, नवी टोपी, सुमननं बांधलेल्या दशम्या आणि मिरचीचा ठेचा. गोळ्यांची पट्टी तिनं पानाच्या बटव्यात, सुपारीच्या खाली लपवली होती. मला दिसली नाई असं तिला वाटलं.

सोबत शालिकराव. माझा जुना सोबती, म्हणजे औषधातलाही. तो बौद्ध. विहारात पंचशील म्हणताना पाचवं शील येते, नशा करणार नाई असं. ते त्यानं वर्षानुवर्षं औषध घेऊनच म्हटलं. म्हणे, “तेवढ्यापुरतं तोंड भिंतीकडं करत होतो. बुद्धाले वास नको म्हून.” एक दिवस त्याला वाटलं, पाचवं शीलही समोर तोंड करून म्हणावं. त्यासाठी सरकारी दवाखान्यात भरती झाला, गोळ्या खाल्ल्या आणि सुटला. औषधानं औषध सोडलं. मी नुसत्या शब्दावर सोडलं, म्हणून त्याच्यापेक्षा मी वरचढ, असं मी त्याला अधूनमधून सांगतो. नवसावर त्याचा विश्वास नाई, टेकडीवरही नाई. पण एस.टी.च्या खिडकीवर आहे, म्हणून आला.

देवळीच्या स्टँडामागं बंडूचं पंक्चरचं दुकान आहे. पंक्चर तो काढते, पण सायकली आता राहिल्या किती? त्याचं खरं गिऱ्हाईक पायी येते. मी दिसलो तसा तो हात पुसत आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “आबाजी, लय दिवसानं! औषध?”

“सोडलं,” मी म्हटलं.

“मंग सकायी सकायी कुठं निंगाले?”

मी खरं बोलणारा माणूस. म्हटलं, “गिरडले. औषध पुन्हा सुरू कराची परवानगी आणाले.”

बंडूचा चेहरा असा उजळला की काय सांगू! त्यानं माझे दोन्ही हात धरले. “या आबाजी, या! बाबा नाई म्हननार नाई. परत आले की पयले माह्याकडं येजा!”

एस.टी. लागली. मी ऐटीत चढलो. आपण काय बोललो याचा मला पत्ता नव्हता. शालिकरावाला होता. तो खिडकीत बसून वर्ध्यापर्यंत खांदे हलवत हसत होता आणि कारण काही सांगत नव्हता.

वर्धा, मग हिंगणघाट

वर्ध्याच्या स्टँडवर तर्रीपोहे खाल्ले. ज्यांनी आमच्याकडचे तर्रीपोहे खाल्ले नाईत त्यांच्यासाठी सांगतो. पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात, इतका की पोहे बुडून जातात आणि खाणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी येते. पुण्याकडचे पोहे मी एका लग्नात खाल्ले आहेत. त्यात खोबरं होतं आणि साखर होती. आजाऱ्याला बरे.

हिंगणघाटहून समुद्रपूरच्या गाडीत कंडक्टर पोरगी होती, माझी नात शोभेल अशी. माझ्याकडं बघून म्हणाली, “आजोबा, पंच्याहत्तरी झाली ना? तुम्हाला तिकीट फुकट.”

मला राग आला. एवढ्या गर्दीत माझं वय! मी म्हटलं, “नाई झाली.”

“अवो, झाली की!” सुमन ओरडली. “मले अर्धं हाये, यायले फुकट हाये. ते कार्ड दाखवा!”

“नाई झाली,” मी म्हटलं आणि पूर्ण तिकीट काढलं. अभिमानाची किंमत द्यावी लागते. सुमन जामच्या फाट्यापर्यंत माझ्याशी बोलली नाई.

जामच्या पुढं रस्ता वळणावळणाचा. तिला मळमळलं. तिनं आवळासुपारी तोंडात टाकली, लिंबाची फोड हुंगली आणि रुसवा विसरून मलाही फोड दिली. मी घेणार तेवढ्यात शालिकराव म्हणाला, “थांब महादेवा! लिंबू औषध आहे.”

हात मागं घेतला.

“आवळा तं औषधच,” तो म्हणाला. “ओवा औषध. मिरे औषध. सुंठ औषध. दशमीत तीळ आहे ना? तीळ वाताले औषध.”

“तीळ नाई सोडला मी!”

“तूनं कुठं सांगतलं बाबाले, कोणतं औषध ते? सब सुटलं. हवा बी औषध आहे, डॉक्टर सांगते, सकाळची हवा घ्या. खिडकी लाव.”

गाडीतली माणसं ऐकायला लागली. मागच्या सीटवरची एक बाई म्हणाली, “तुळस बी औषध हाये बाप्पा.” ड्रायव्हरच्या पाठीमागून कोणी म्हणालं, “गोमूत्र.” कंडक्टर पोरीनं तिकिटाचं मशीन पोटाशी धरून हसू दाबलं. सबंध गाडीला चेव आला, गवती चहा म्हणू नका, कडुनिंब म्हणू नका, लसूण म्हणू नका. मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. सोयाबीन पिवळं पडलं होतं, तुरी कमरेपर्यंत आल्या होत्या आणि एरवी मला लई आवडणारा तो देखावा मधूनच भोवरा मारत होता. घेरी आलीच होती. मी समोरचा दांडा घट्ट धरला. सुमननं पाहिलं. तिचं हसणं तेवढं थांबलं. बटव्यावर तिचा हात गेला आणि तिथंच राहिला.

समुद्रपूर

मुक्काम सुमनच्या बहिणीकडं होता. सिंधू आणि तिचे मालक नारायणराव, म्हणजे माझे साडू. जावळाच्या वेळी ते लेकाकडं दूर गेलेले, त्यामुळं माझं सोडल्याचं त्यांच्या कानी नव्हतं. सिंधूनं पातोड्यांचा रस्सा केला होता. बेसनाच्या वड्या, वर असा झणझणीत रस्सा की बोलणंच बंद व्हावं. आमच्याकडं पाहुण्याला ‘पुरे का?’ विचारतात, समुद्रपूरला विचारत नाईत, वाढतात. मी चार वेळा ताटावर हात आडवा धरला, चारही वेळा हातावर वाढलं.

पण हे जेवण दिवेलागणीनंतरचं. त्याच्या आधी जे झालं ते आता सांगतो, कारण माझा सगळा प्रवास त्या वेळेवर येऊन टेकला.

शालिकराव जवळच्या विहारात ओळखीच्या माणसाला भेटायला गेलता. बाया चुलीपाशी. मी अंगणात खाटेवर. सिंधूनं माझा उतरलेला चेहरा पाहून आतून विचारलं, “भाऊजी, हळदीचं दूध देऊ का?”

हळद म्हणजे तर उघड औषध. मी म्हटलं, “हळदीचं नको. साधं दूध असन तं दे.”

हे नारायणरावांनी ऐकलं. ते खाटेजवळ आले, डोळा बारीक केला आणि हळूच म्हणाले, “दूध घेता ना बुवा? मंग सांगाचं नाई का! आहे. ताजं आहे.” आणि गोठ्यात गेले. मला वाटलं, म्हैस पिळायला गेले असतील. भला माणूस.

स्टीलचा गिलास घेऊन आले. माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “थांबा, चिवडा आणतो.” दुधाबरोबर चिवडा कायले, असा विचार करत मी गिलास तोंडाशी नेला.

मोहाच्या फुलांचा वास आला.

आमच्या बाजूला औषध, यांच्या बाजूला दूध! एका जिल्ह्यात दोन तालुके आणि दोन बारशी!

अंगणात मी एकटा होतो. समोर बांधलेली म्हैस आणि मी.  आणि माझं ते वकील मन उठून उभं राहिलं. म्हणालं, महादेवा, तू सोडलं ते औषध. हे तर दूध आहे. बाबा शब्द तसाच्या तसा धरते ना? मग धरू दे. व्यापाऱ्यांनी दगड म्हटलं, दगड झाले. साडूनं दूध म्हटलं, दूध झालं. तू मोकळा आहेस. साधं दूध असन तं दे, हे तूच म्हटलं.

यात कुठं चूक आहे ते मला सापडेना. अजूनही सापडत नाई. शब्दापुरतं बघितलं तर मी खरोखर मोकळा होतो. एवढे दिवस ज्या खुंट्याला धरून होतो तो खुंटा त्या अंगणात नव्हताच.

मी गिलास खाली ठेवला.

कसा ठेवला ते विचारू नका. हात माझा, गिलास स्टीलचा, खाली सारवलेली जमीन. ठेवला, आणि वरून पायातली चप्पल काढून त्यावर झाकण म्हणून ठेवली, वास येऊ नये म्हणून.

नारायणराव चिवडा घेऊन आले. चपलेकडं बघत राहिले. “काऊन बुवा? कमी होतं का?”

“नारायणराव,” मी म्हटलं, “मी दूध सोडलं.”

“कवा?”

“आत्ता.”

त्यांचा चेहरा पडला. गिलास उचलून गोठ्यात नेला आणि नंतर हात जोडून म्हणाले, “मले माहीत नव्हतं, बुवा. माफ करा.” साडू असावा तर असा. पण आतून सिंधूनं तेवढंच ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना दुधाचा, साखरेचा, आल्याचा चहा आला आणि मला एक काळं पाणी आलं.

“हे का होय?” मी विचारलं.

“भाऊजी, तुमी दूध सोडलं ना काल!”

शालिकराव चहाचा घोट घशात अडकून इतका खोकला की त्याच्या पाठीत थापा माराव्या लागल्या. एक शब्द दुरुस्त करायला निघालो होतो, वाटेत दुसरा बिघडवून बसलो. असंच चाललं तर पुढच्या तालुक्यात पाणी सुटेल आणि त्याच्या पुढच्यात भाकर. तो काळा चहा पिता पिता माझ्या डोक्यात लख्ख पडलं की या बारशांना अंत नाई. खरं नाव एकच आहे आणि तेच मी कधी घेतलं नाई.

गिरड

गिरड जंगलाच्या कडेला आहे. टेकडी फार उंच नाई, पण गर्व उतरवायला पुरेशी आहे. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना चादरी, रेवड्या, फुलं, बांगड्या, खेळण्यातले ट्रॅक्टर. आमच्या गावच्या जत्रेत देवापुढं नारळ फोडतात आणि अर्धा आपल्याला परत देतात. इथं मलिदा देतात आणि वरून विचारतात, “आणखी कोण आहे घरी?” त्यांच्यापुरता वेगळा बांधून देतात. ही रीत मला आवडली.

अर्ध्यावर पायऱ्या हलायला लागल्या. खरंच सांगतो, खालची वर आणि वरची खाली. मी बसलो, म्हणजे बसलो असं मी म्हणतो. सुमन म्हणते कोसळलो. एका बाजूनं तिनं धरलं, दुसऱ्या बाजूनं शालिकरावानं. त्याच्या तोंडावर आता थट्टा नव्हती. सुमननं बटवा उघडला, गोळी काढून माझ्या ओठापाशी धरली. तिची बोटं थंडगार होती.

“घ्या ना हो. बाबाले मी सांगतो, मीनं देल्ली म्हणून.”

“वर गेल्यावर,” मी म्हटलं.

“वर म्हंजे कुठं वर?” ती रडकुंडीला आली. “वर जाशान तं गोयी कोण घेईन?”

दोघांच्या खांद्यावर हात टाकून चढलो. वाटेत ते दगड दिसले, गोल गोल, कुणी सुपारीएवढा, कुणी बोराएवढा. शालिकरावानं एक उचलून पाहिला आणि खिशात टाकला. विश्वास नसलेल्या माणसानं दगड खिशात का टाकावा, हे मी तेव्हा विचारलं नाई.

मुजावरांनी ओळखलं. “जावळवाले आजोबा! या, या.”

मी उभा राहून सगळं सांगितलं. औषध, गोळी, लिंबू, तीळ, दूध, चप्पल. मुजावर हसू लागले. हसता हसता त्यांची टोपी घसरली, ती सावरून ते पुन्हा हसले. “आजोबा, बाबा वर्धा जिल्ह्यातच राह्यते. देवळीवाले औषध कशाले म्हंते, हे बाबाले नाई समजत का?”

“मंग व्यापाऱ्याच्या मालाचे दगड काऊन केले?” मी म्हटलं. मी सहजासहजी ऐकणारा नव्हे. “ते तं थट्टेत बोलले होते. बाबाले थट्टा नव्हती का समजत?”

मुजावर खाली बसले. “तुमी पुढची गोष्ट ऐकली का?”

“पुढची कोणती?”

“व्यापारी रडाले लागले, पाया पडले. मंग बाबानं झाडाखालचा वायला पाला त्यायच्या गाठोड्यात भरला. त्याचा माल झाला, पयल्यापेक्षा चांगला. ते दोघं घरी गेलेच नाई मंग, इथंच राह्यले. त्या पाहा त्यायच्या कबरी.” त्यांनी बोट दाखवलं. “सब लोकं दगडापर्यंतच गोष्ट सांगते. दगड घरी नेता येते ना! पाला कोण नेते?”

एवढ्या वर्षांत मला ही गोष्ट कोणी पूर्ण सांगितली नव्हती. 

“परवानगी-गिरवानगी मी देत नाई, आजोबा,” मुजावर म्हणाले. “जे सोडलं त्याचं नाव घ्या. मंग बाकीचं सब आपोआप मोकयं होते.”

शुक्रवार होता, माणसं होती. लेकुरवाळ्या बाया, चादर घेतलेले जुळे भाऊ, एक बकरा, कोणाची तरी नवी नवरी. मी हात जोडले.  सुमन शेजारी उभी होती. सबंध संसारात तिच्यासमोर तो शब्द मी उच्चारला नव्हता, तिनंही नाई. आम्ही दोघं एका घरात त्या नावाला वळसा घालून जगलो होतो. पहिल्यांदा नुसता खोकला आला. दुसऱ्यांदा ‘दा’ आला आणि पुढचं गेलं.

शालिकराव कानाशी म्हणाला, “भिंतीकडं तोंड नको करू, महादेवा. समोर पाह्य.”

मी समोर पाहिलं, छाती पुढं केली आणि ओरडलो, “बाबा, मी दारू सोडली! दारू!”

सगळी टेकडी गप्प. बकरासुद्धा. आणि त्या शांततेत मागून कोणीतरी मोठ्या उत्सुकतेनं विचारलं, “कुठं?”

काय तो हशा झाला! जुळे भाऊ एकमेकांवर पडले. मुजावरांची टोपी पुन्हा गेली. नवरीनं तोंडात पदर कोंबला. आणि सुमन! सुमन हसत होती, डोळे पुसत होती, पुन्हा हसत होती. मी तिला असं हसताना शेवटचं कधी पाहिलं होतं ते आठवायला लागलो आणि आठवेना, म्हणून मीही हसायला लागलो. कबूल करतो, मी थोडा नाचलोसुद्धा. घेरी होती की आनंद, हे सांगता येणार नाई. दोन्हीत पाय सारखेच पडतात.

गोळी तिथंच घेतली. जिभेवर कडू लागली. मला बरं वाटलं, म्हटलं, औषध आहे खरं.

मग झाडाखाली दशम्या, ठेचा आणि मलिदा खात बसलो आणि भांडण लागलं. काल गिलास खाली ठेवला तो कोणी?

“तूनं,” शालिकराव म्हणाला. “हात तुहा होता. शब्द बी नव्हता तिथं.”

“बाबानं,” सुमन म्हणाली. “यायच्या हातानं कधी ठेवला होता का गिलास? उचललाच हाये जलमभर.”

मुजावर पाणी घेऊन आले होते, त्यांना पंच केलं. ते म्हणाले, “बाबाले हात कुठं आहे? ते तुमच्याच हातावर भागवते.” आणि दुसऱ्या माणसांकडं निघून गेले. दोघांनाही वाटलं, निकाल आपल्याच बाजूनं लागला.

माझं मत मी तिथं सांगितलं नाई, इथं लिहितो. हात माझाच होता. यात मी कोणाचं ऐकणार नाई, बाबांचंही नाई. पण तो हात त्या वेळी कापत नव्हता. आणि हात न कापणं हे माझ्या अंगचं काम नव्हे, ते मला पक्कं ठाऊक आहे.

पुन्हा देवळी

परतीची गाडी देवळीच्या स्टँडवर लागली तेव्हा दिवस कलला होता. खाली बघतो तर आमचं निम्मं गाव उभं! माझा लेक, त्याच्या मागं सून, पारावरचे सगळे, आणि मोटरसायकल घेऊन आलेले व्याहीसुद्धा, चष्म्यावरून बघत. बंडूनं आपलं काम केलं होतं. दोन दिवसांत गावभर झालं होतं की म्हातारा औषध पुन्हा सुरू करायची परवानगी आणायला गिरडला गेला. आता मला कळलं, शालिकराव वर्ध्यापर्यंत का हसत होता.

गोळीचं कारण माहीत असूनही, गावाचं ऐकून ऐकून लेकाचा चेहरा काळवंडलेला. सून खाली बघत होती. मी पायरीवरून उतरलो, हात न धरता.

बंडू पुढं घुसला. “आबाजी! भेटली का परवानगी?”

“भेटली,” मी मोठ्यानं म्हटलं.

बाया हळहळल्या. व्याह्यांनी चष्मा काढला. बंडूनं तर टाळीच वाजवली आणि कानाशी येऊन म्हणाला, “मंग आता घेता का औषध?”

“घेतो तं! वेळच झाली,” मी म्हटलं आणि सुमनपुढं हात केला.

तिनं बटवा उघडला. सुपारीच्या खालून पट्टी काढली, सगळ्यांना दिसेल अशी वर धरली आणि संध्याकाळची गोळी माझ्या तळहातावर ठेवली. मी ती जिभेवर टाकली, बाटलीतलं पाणी प्यालो आणि तोंड उघडून दाखवलं. सून पहिल्यांदा हसली. मग लेक. मग सगळं स्टँड.

बंडू तोंड उघडं टाकून उभा होता. त्याला काहीतरी विचारायचं म्हणून तो म्हणाला, “हे... रोज घ्या लागते?”

“रोज,” मी म्हटलं. “सकाळ-संध्याकाळ. तुह्याकडचं घेत होतो तसंच.” मग व्याह्यांकडं बघितलं, छाती पुढं केली, आणि स्टँडवरच्या प्रत्येकाला ऐकू जाईल असं म्हटलं, “आणि बंडू, तुह्याकडं जे भेटते त्याले औषध म्हणू नको. त्याले दारू म्हंते.”